बरणीतला निळा

वय एकाहत्तर, केस पांढरेशुभ्र, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि नाव छोटी. हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं, त्यामुळे तो आहे तोवर बदलायची सोय नव्हती. संग्रहालयात मात्र तिला सगळे बाई म्हणत. पस्तीस वर्षं तिने तिथे चित्रं काढली. पक्ष्यांची पिसं, माशांचे कल्ले, किड्यांच्या मिशा, आणि सगळ्यांत जास्त बेडूक. भिंतीवर शोभेला टांगायची चित्रं नव्हेत ही. अभ्यासाच्या पुस्तकात जाणारी. बोटांमधला पडदा केसभर इकडेतिकडे झाला तर बेडकाची जातच बदलते, असलं काम. छोटीचा पडदा कधी चुकला नाही, आणि त्याबद्दल ती नाकावर माशी बसू देत नसे. एकदा एका मोठ्या विद्वानाने तिच्या चित्रातली बेडकाची बोटं पुन्हा मोजायला घेतली, तेव्हा ती शांतपणे उठून चहा प्यायला गेली आणि ते मोजून होईपर्यंत परत आली नाही.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि एके सकाळी संग्रहालयाचे नवे साहेब स्वतः जिने चढून तिच्या घरी आले. त्यांना एक मोठं प्रदर्शन भरवायचं होतं, बेडूक या एकाच प्राण्यावर. दोन दालनं. एकात निसर्ग, दुसऱ्यात कला. कलेच्या दालनात जगभरातून मागवलेल्या वस्तू: काठावर चार बेडूक बसलेला काशाचा ढोल, बाळंतपणाला धावून येणारी इजिप्तची बेडूकतोंडी देवी, तोंडात नाणं धरलेला चीनचा तीन पायांचा बेडूक, नखाएवढे सोन्याचे बेडूक. आणि निसर्गाच्या दालनात समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीचा, आपला निळा बेडूक. तो बाईंनीच रंगवायचा.

आपला म्हणायला कारण होतं. जगाच्या पाठीवर तो फक्त याच गावात सापडलेला. शेहेचाळीस वर्षांपूर्वी, कपडे धुण्याच्या कारखान्यामागे जी सखल तळी होती, त्यांतून छोटीच्या भावाने अकरा बेडूक धरून आणले आणि संग्रहालयाच्या बरण्यांत घातले. छोटी तेव्हा पंचवीस वर्षांची, नोकरीला लागून महिना झालेला. तिने काढलेलं ते पहिलं चित्र. ते पुस्तकात छापलं गेलं, पुस्तकातून संग्रहालयाच्या दारावर गेलं, दारावरून तिकिटांवर, शाळेच्या दप्तरांवर, आणि शेवटी मुलांच्या रबरी खेळण्यांवर. बेडूक स्वतः मात्र पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

छोटीने साहेबांना लगेच हो म्हटलं. नाही म्हणून दाखवायचं, मग थोडे आढेवेढे, मग हो, असा तिचा बेत होता. पण तोंडातून हो निघून गेलं.

घरात ती आणि दादा, दोघंच. दादा अठ्ठ्याहत्तरचा. संग्रहालयासाठी जिवंत-मेलेले नमुने गोळा करण्यात त्याची उभी नोकरी गेली. आता त्याच्या डोक्यात वर्षांची सरमिसळ झाली होती. सकाळी तो छोटीला छोटी म्हणे, दुपारी आई म्हणे, आणि संध्याकाळी कधीकधी अहो बाई म्हणून परक्यासारखा खुर्ची पुढे करी. कान मात्र शाबूत होते. पूर्वी तो बेडूक डोळ्यांनी शोधतच नसे. तळ्याकाठी बसून ऐकायचा आणि आवाजाच्या रोखाने हात घालायचा. निळ्या बेडकाचा आवाज तो हुबेहूब काढी: दोन लांब सूर आणि टाळूला जीभ लावून एक टिचकी.

त्या आवाजाची एक गंमत होती, ती फक्त या दोघांना ठाऊक. तळ्यांवर आवाज टिपायला एकदा रेडिओचा माणूस आला होता. चार दिवस बसला, एक बेडूक ओरडेल तर शपथ. पाचव्या दिवशी त्याला रिकाम्या हाताने परत जायचं होतं, आणि त्याचा चेहरा इतका पडलेला की दादाला दया आली. तो झुडपामागे जाऊन बसला आणि ओरडला. रेडिओवाला खूश होऊन गेला. ती टिपलेली फीत संग्रहालयात 'निळ्या बेडकाचा आवाज' म्हणून जपून ठेवली गेली. दोघं भावंडं त्यावर कितीतरी वर्षं पोट धरून हसली होती.

दादाचं दुसरंही एक गुपित होतं, आणि ते त्याने छोटीशिवाय कोणाला कळू दिलं नव्हतं. त्याला हिरवा आणि निळा यांतला फरक दिसत नसे. लहानपणी आकाश आणि गवत एकाच रंगाने रंगवलं म्हणून मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तेव्हापासून रंग सांगायचं काम छोटीकडे. शर्ट कुठला, रंगाची डबी कुठली, सगळं छोटी सांगणार. नोकरीत त्याला पाहणी-वही भरावी लागे: जागा, वेळ, माप, आवाज, रंग. चार रकाने तो भरी. पाचवा कोरा ठेवून वही घरी आणी.

निळ्याची नेमकी छटा जुळवायला म्हणून छोटी संग्रहालयाच्या तळघरात गेली. तिथे बरणीवालीचं राज्य. हजारो बरण्यांतलं स्पिरिट उडून कमी होतं, ते वेळच्या वेळी भरत राहणं हे तिचं काम. वीस वर्षं ती ते करत होती आणि आपल्या अंगाला आता डासही चावत नाही असं सांगत असे. छोटीला बघून ती उठली, स्टूल पुसून दिलं, आणि अकरा बेडकांची बरणी आणायला आत गेली.

टेबलावर एक लहानशी बरणी होती. छोटीची नजर तिच्यावर गेली आणि तिने ती उचलून उजेडाकडे धरली. आत एक बेडूक होता. लख्ख निळा. चिठ्ठीवरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे कोणाला तरी सापडला. इतक्या वर्षांनी सापडला, आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. तिने आधी डोळे पुसले, मग रागावायचं ठरवलं.

"हा कुठे मिळाला?" बरणीवाली बाहेर येताच तिने विचारलं.

बरणीवालीने बघितलं आणि ती हसली. "तो होय? आमच्या गच्चीवरच्या टाकीत मेलेला होता. साधा हिरवा आहे, बाई. मुलांना हातात धरून बघायला टाकलाय."

"निळा आहे."

"आता निळा दिसतो. स्पिरिटात पिवळा रंग उतरतो ना. हिरवे सगळेच पडतात निळे, कोणी दोन आठवड्यांत, कोणी महिन्यात."

हिरव्यातला पिवळा काढला तर काय उरतं, हे छोटीला समजावून सांगायची गरज नव्हती. निळ्यात पिवळा घालून हिरवा करण्यातच तिचा जन्म गेला होता. तिने मोठी बरणी जवळ ओढली. त्यात अकराच्या अकरा निळे, हातपाय पसरून, शेहेचाळीस वर्षं तसेच.

"हे मुळातच निळे होते," बरणीवाली घाईने म्हणाली. "पुस्तकात आहे तसं."

"पुस्तकात माझं चित्र आहे."

"हो, तेच."

"चित्र मी या बरणीवरून काढलं. दादाने आणल्यावर सहा आठवड्यांनी माझ्या टेबलावर आली होती ही."

बरणीवालीने दुसरं स्टूल ओढलं आणि ती बसली. मग तिने वीस वर्षांत केली नव्हती अशी एक गोष्ट केली. स्पिरिटच्या डब्याचं झाकण उघडंच विसरली. ज्या विद्वानांनी पुस्तक लिहिलं त्यांनी जिवंत बेडूक पाहिलाच नव्हता, त्यांनी चित्र पाहिलं. बरणीवाल्यांना स्पिरिटाचा गुण ठाऊक होता, पण त्यांनी पुस्तक पाहिलं. आणि बेडूक जिवंत असताना ज्या एकाच माणसाने हातात धरला होता, त्याला निळं-हिरवं कळत नव्हतं.

घरी आल्यावर छोटीने माळ्यावरून जुनी पाहणी-वही काढली. चार रकान्यांत दादाचं बारीक, उजवीकडे झुकणारं अक्षर. पाचव्यात तिचं स्वतःचं, टपोरं. निळा. निळा. निळा. अकरा वेळा. बरणी टेबलावर आली त्या दिवशी तिला किती आनंद झाला होता ते तिला स्पष्ट आठवत होतं. निळा बेडूक म्हणजे केवढं नवल, आणि तो आपल्या दादाने आणला. तिने आनंदाच्या भरात भराभर लिहिलं होतं. तू पकडलास तेव्हाही असाच होता का रे, एवढं विचारायचं तिला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी तो काय सांगणार होता?

त्याला तिने आता विचारलं. सकाळची वेळ होती, म्हणून ती अजून छोटी होती.

"दादा, तळ्यातले ते बेडूक कसे होते?"

दादाने बराच विचार केला. "ओले," तो म्हणाला. मग त्याने तळहात वर करून त्यावर काहीतरी असल्यासारखा धरला. "थंड लागतो. आणि उडी मारायच्या आधी त्याचं पोट हलतं. ते कळलं की मूठ मिटायची."

"आणि रंग?"

"रंगाचं तुझ्याकडे," दादा म्हणाला, जरा नाराजीनेच, जणू कामाची वाटणी ती विसरली होती.

इथवरचं सगळं एका म्हातारीच्या अभिमानाचं दुखणं म्हणून सोडून देता आलं असतं. चित्र चुकलं, बरं, चुकलं. पण मधे एक गोष्ट घडून गेली होती आणि ती छोटी विसरू शकत नव्हती. चौदा वर्षांपूर्वी ती तळी बुजवून तिथे बसगाड्यांचं आगार करायचं ठरलं. लोकांनी ओरड केली, तेव्हा पाहणी करायला एक तुकडी नेमली गेली. निळा बेडूक दिसला तर तळी राहणार, नाही दिसला तर जाणार. तुकडीतल्या प्रत्येकाच्या हातात छोटीच्या चित्राची प्रत होती. छोटी तेव्हा नोकरीत होती. ती आपणहून त्यांना भेटायला गेली आणि तिने त्यांना बजावलं की छपाईत रंग मळतो, मूळ निळा याहून लख्ख आहे, उगाच कुठल्याही बेडकाला निळा म्हणू नका. अगदी हेच शब्द. त्यातल्या एका मुलीने ते वहीत लिहूनही घेतले होते.

बरणीवालीने त्या पाहणीचा अहवाल शोधून काढला आणि त्याची प्रत घरी आणून दिली. ती दारातच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. छोटीने पानं चाळली. चाळीस दिवस, चार तळी, सकाळ-संध्याकाळ. निळा बेडूक आढळला नाही. शेवटच्या पानावर इतर प्राण्यांची यादी होती, बगळे, पाणसाप, गोगलगायी. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: लहान हिरवे बेडूक, सर्वत्र, भरपूर.

त्यांच्यापैकी एकालाही धरून कोणी त्याच्या बोटांमधला पडदा बघितला नव्हता. कशाला बघतील? ते निळा शोधत होते.

छोटीने ते पान दोनदा वाचलं. मग तिला आठवलं की ती बुजेपर्यंत आपण स्वतः तीसेक वर्षं त्याच तळ्यांच्या काठाने कामावर जात होतो. पायवाटेवरून काहीतरी टुणकन बाजूला व्हायचं, पाण्यात पडायचं. रोज व्हायचं. निळ्या बेडकाचं चित्र काढणाऱ्या बाईने साध्या बेडकाकडे मान वळवून बघण्याचं काही कारणच नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि दादाने तिला आई समजून दोन घास खाऊन घे म्हणून विनवलं.

आगाराच्या मागे एक नाली उरली होती. बसगाड्या धुतलेलं पाणी तिथून वाहत जाई, आणि पलीकडे गवताचा एक पट्टा. तेवढंच. बरणीवाली म्हणाली, बघायला काय हरकत आहे. खरं तर छोटीचा जीव तेवढ्यावरच टांगलेला होता. एक मिळाला तर. एकच, हिरवा, जिवंत, आणि बोटांमधला पडदा तिच्या चित्रातल्यासारखा. मग नाली वाचेल की नाही ते नंतरचं. निदान तो आहे एवढं तरी कळेल.

तिघं संध्याकाळी गेली. दादाला घडीच्या खुर्चीवर बसवलं. कशाला आलोय ते त्याला सांगावं लागलं नाही. पाण्याचा वास आला तसा त्याचा चेहरा जागा झाला. त्याने हात तोंडाशी नेले आणि आवाज काढला, दोन सूर आणि टिचकी. आवाजाला अजून वय नव्हतं. मग त्याने मान कलती केली आणि वाट बघितली. पाण्यावर तेलाचा तवंग होता. एक बस मागे येताना पिकपिक करत होती. दादाने पुन्हा आवाज दिला. अंधार पडायच्या सुमाराला आगारातला धुलाईवाला रबरी नळी गुंडाळत जवळ आला आणि काय हरवलंय म्हणून त्याने विचारलं. बरणीवालीने सांगितलं. तो म्हणाला, मी लागलो तेव्हा इथे पुष्कळ होते, हिरवे, बुटात शिरायचे. साबण बदलला त्या वर्षापासून नाहीत.

"साबण कधी बदलला?" छोटीने विचारलं.

"झाली तीनेक वर्षं."

तीन वर्षं. त्याआधीची आठ वर्षं ती घरात बसून होती, रिकामी, पाच मिनिटांच्या अंतरावर. ओळीने सहा संध्याकाळी ती दादाला घेऊन तिथे गेली. एकाही संध्याकाळी उत्तर आलं नाही. सातव्या दिवशी दादाला खोकला झाला आणि जाणं थांबलं.

साहेबांना सांगणं भाग होतं. तिने सगळं सांगितलं, दादाच्या डोळ्यांचंसुद्धा, आणि ते सांगताना तिला दादाला चारचौघांत उघडं केल्यासारखं वाटलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की बाई, हे फार महत्त्वाचं आहे, पण पुरावा लागेल. हिरवा बेडूक एक तरी दाखवा. छोटी म्हणाली, हिरवा आता नाही. मग जुना नमुना? जुने निळे आहेत. पाहणी-वही? वहीत निळा लिहिलंय, मीच लिहिलंय. प्रत्यक्ष पाहणारं कोणी? दादा. साहेबांनी हात पसरले. छोटीच्याही लक्षात आलं की तिने स्वतःच दारं एकेक करून आतून लावून घेतली होती, आणि शेवटचं दार लावलं तेव्हा बेडूक बाहेर राहिला होता.

"मग एवढं तरी करा," ती म्हणाली. "माझं चित्र निसर्गाच्या दालनात नको. पलीकडच्या दालनात लावा, त्या ढोलाशेजारी."

साहेबांना वाटलं बाई विनयाने बोलतायत. त्यांनी सांगितलं की माहितीपत्रक छापून झालंय, आणि मुलं निळा बेडूक बघायलाच तर येणार.

जाताजाता ती कलेच्या दालनात डोकावली. वस्तू मांडून झाल्या होत्या. ढोलावरच्या बेडकांना बोटं धड नव्हती, एकाला तीन, एकाला पाच. पण ते बसले होते कसे, मागचे पाय आवळून, पोट जमिनीला टेकून, आता उडी मारतील असे. सोन्याच्या बेडकाचे डोळे नुसते दोन गोळे, तरी त्याची बघण्याची तऱ्हा बेडकाचीच. बनवणाऱ्याने पाण्याकाठी बसून जिवंत बेडूक पाहिला होता, कितीतरी वेळ पाहिला होता. दालनभर हिंडली तरी तिला एकही वस्तू अशी दिसली नाही जी बरणीवरून केलेली होती. साहेबांनी नाही म्हटलं ते बरंच झालं, असं तिला वाटलं. इथेही तिच्या चित्राला जागा नव्हती.

तरी भिंत होतीच. तिने ठरवलं की कोणाला विचारायचं नाही, सरळ हिरवा रंगवायचा. उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना ती सकाळी शिडीवर चढली, गुडघ्यांना शिव्या देत. निळा तिने आधीच चढवून ठेवला होता. त्यावर पिवळ्याचा पातळ हात फिरवला की झालं, इतकं सोपं. तिने ताटलीत पिवळा काढला आणि ब्रश बुडवला.

कुठला पिवळा?

लिंबाचा पिवळा घातला तर कोवळ्या पानाचा हिरवा होतो. गेरूकडचा घातला तर शेवाळाचा. थोडा अमुक, थोडा तमुक, आणि प्रत्येक वेळी वेगळा बेडूक. पाठीवर गडद होता की पोटाकडे? बाजूला पट्टा होता का? बरणीत जे विरघळून गेलं ते नेमकं किती होतं? आयुष्यात तिने एक रेघ अंदाजाने ओढली नव्हती. डोळे मिटून तिने त्या पायवाटेवरचं टुणकन आठवायचा प्रयत्न केला. पाण्यात पडल्याचा आवाज आठवला. रंग नाही आठवला. रोज शेजारून गेली होती आणि एकदाही पाहिलं नव्हतं. ब्रशवरचा पिवळा हळूहळू वाळला. खाली बरणीवाली शिडी धरून उभी होती, तिने वर बघितलं नाही. बऱ्याच वेळाने छोटी खाली उतरली, ब्रश धुतला आणि म्हणाली, राहू दे निळाच. हिरवाही खोटाच झाला असता.

उद्घाटनाला तिला पहिल्या रांगेत बसवलं. दादालाही आणलं, इस्त्रीचा शर्ट घालून. तो कुठला शर्ट हे तिनेच सांगितलं होतं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, मुलं निसर्गाच्या दालनात सुटली. भिंतीवरच्या निळ्या बेडकाखाली एक लाल बटण होतं. एका मुलीने ते दाबलं.

दोन लांब सूर आणि एक टिचकी.

दादा चालता चालता थांबला. त्याने छोटीचा दंड घट्ट धरला. इतका घट्ट त्याने गेल्या वर्षभरात धरला नव्हता.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "आहे. अजून आहे एक."

दादाने हात तोंडाशी नेले आणि उत्तर दिलं. आजूबाजूची मुलं खिदळली. मुलीने पुन्हा बटण दाबलं, आणि बत्तीस वर्षांपूर्वी झुडपामागे बसून ओरडलेला दादा भिंतीतून पुन्हा ओरडला. म्हाताऱ्या दादाच्या डोळ्यांना पाणी आलं. इतक्या संध्याकाळी वाट बघितल्यावर कोणीतरी ओ दिली होती.

"जवळच आहे," तो कुजबुजला. "हलू नकोस. रंग कुठला आहे गं?"

तिने भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. साऱ्या गावात हा एकच माणूस उरला होता जो तिला पुरावा मागणार नव्हता, आणि त्याला सांगून कशालाही काही फरक पडणार नव्हता.

"हिरवा," ती म्हणाली.

"लिहून घेतलंस?"

"घेतलं, दादा."

तिच्याकडे पेनही नव्हतं. दादाने समाधानाने मान हलवली, पुन्हा हात तोंडाशी नेले, आणि बटणापाशी आता मुलांची रांग लागली होती.